डार्विन प्रॉकॉप : कोलॅजेनवाले की स्टेम सेलवाले?

रानवारा

नमस्कार मंडळी,

डार्विन प्रॉकॉप हे नाव इथल्या बायोकेमिस्ट्रीवाल्यांना माहीत असणारच, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन शास्त्रज्ञ, जन्म १९२९, पेनसिल्व्हेनियातलं पामर्टन गाव. आधी हॅवरफर्ड कॉलेज, मग ऑक्सफर्ड, मग १९५६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून एमडी, आणि डॉक्टर झाल्यावर परत शिकायला बसून १९६२ला जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाची पीएचडी. त्यानंतर कितीतरी वर्षं कोलॅजेन एके कोलॅजेन (हाडं, त्वचा यांना बांधून ठेवणारं प्रोटीन). आणि मग नव्वदच्या दशकात, लोक निवृत्तीचे फॉर्म भरतात त्या वयात, या माणसाने बोनमॅरोतल्या (हाडांच्या आतल्या मगजातल्या) स्टेम सेल्स, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी, हातात घेतल्या. २००० साली न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात गेले आणि २००८ला टेक्सासमधल्या टेंपल गावी, टेक्सास ए अँड एमची रीजनरेटिव्ह मेडिसिनची संस्था उभी करायला.

या क्षेत्रातल्या मित्रांशी बोलताना नेहमी ऐकतो की ही दोन वेगळी करिअरं आहेत, पहिलं कोलॅजेनचं आणि दुसरं स्टेम सेलचं. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या मते ते एकच काम आहे, एकाच आजाराच्या मागे लागून केलेलं. तुम्हाला काय वाटतं?

आणि दुसरा प्रश्न, बाहेरून दिलेल्या स्टेम सेल्स शरीरात जाऊन नक्की करतात काय? याचं उत्तर त्यांच्याच हातून कसं बदलत गेलं ते मला फार भारी वाटतं, त्यावर पण बोलूया.

पेठकर

वाचतोय. कोलॅजेन म्हणजे ते डब्यातलं पावडर ना, आमच्याकडे सध्या मिक्सरच्या शेजारी त्याचीच रांग लागलीय.

जोशीकाकू

आमच्याकडे पण :) माझ्या भिशीतल्या सगळ्या घेतात. पण खरंच सांगा कोणीतरी, ते प्यायल्यावर गुडघ्यात जातं का चेहऱ्यावर जातं का नुसतंच पोटात जातं?

बायोकेम_बारामती

काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर प्रॉकॉप यांच्या पहिल्या मोठ्या कामातच आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

कोलॅजेन हे आपल्या शरीरातलं सगळ्यात जास्त प्रमाणात असलेलं प्रोटीन. हाडं, त्वचा, स्नायुबंध, रक्तवाहिन्या, सगळीकडे. तीन लांब साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या, तीन पेडांच्या वेणीसारख्या. एकेका साखळीत हजाराच्या वर अमिनो आम्लं आणि त्यात दर तिसरं ग्लायसिन, कारण तीन पेड जिथे एकत्र येतात तिथे मध्ये इतकी कमी जागा असते की ग्लायसिनशिवाय दुसरं काही मावतच नाही. शिवाय त्यात हायड्रॉक्सिप्रोलिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं जे बाकी प्रोटीन्समध्ये जवळपास नसतंच. म्हणजे हायड्रॉक्सिप्रोलिन मोजलं की कोलॅजेन मोजलं.

ते मोजायची पद्धत प्रॉकॉप आणि सिडनी उडेनफ्रेंड यांनी १९६०ला दिली, एनआयएचमध्ये (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) असताना. ऊतींसाठी आणि लघवीसाठी दोन्हीसाठी. मी स्वतः एमएस्सीला ही टेस्ट केलीय. नमुना अ‍ॅसिडमध्ये तापवायचा, ऑक्सिडाइझ करायचा, टोल्युइनमध्ये ओढून घ्यायचा, मग एर्लिश रिएजंट नावाचं रसायन घातलं की लालसर गुलाबी रंग चढतो. दिसायला साधं आहे पण त्याआधी हाडांच्या आजारात कोलॅजेन किती मोडतंय हे कळायला सोपा मार्ग नव्हता.

आता काकूंचा मुद्दा. लघवीतलं हायड्रॉक्सिप्रोलिन मोजायचं असेल तर पेशंटला आधी जेली, जिलेटिन, मांस बंद करायला सांगायचे, कारण खाल्लेल्या कोलॅजेनमुळे आकडा वाढतो. म्हणजे पोटात गेलेलं कोलॅजेन मोडतं, त्याचे अमिनो आम्लं आणि छोटे तुकडे रक्तात येतात आणि काही भाग लघवीतून जातो. अख्खी वेणी उचलून गुडघ्यात बसत नाही. आणि त्यातलं हायड्रॉक्सिप्रोलिन नवीन कोलॅजेन बांधायला वापरलंच जात नाही. शरीर आधी साध्या प्रोलिनची साखळी बनवतं आणि मग त्या साखळीवर ऑक्सिजन चढवतं. तो ऑक्सिजन पाण्यातून नाही, आपण श्वासात घेतो त्या हवेतून येतो, हे दाखवणाऱ्या १९६२च्या प्रयोगातही प्रॉकॉप होते.

जोशीकाकू

म्हणजे हवेतला ऑक्सिजन माझ्या हाडात? अरे वा. हे भिशीत सांगणारच.

पेठकर

काकू, हवा फुकट आहे हे पण सांगा.

निवांत_नाशिक

अवांतर: बाजारात शाकाहारी कोलॅजेन म्हणून डबे मिळतात ते काय असतं मग? झाडात कोलॅजेन असतं का?

बायोकेम_बारामती

नसतं. त्या डब्यांत साधारण व्हिटॅमिन सी आणि अमिनो आम्लं वगैरे घालतात. व्हिटॅमिन सीचा संबंध मात्र खरा आहे. ऑक्सिजन चढवणाऱ्या एन्झाइमला लोह लागतं आणि ते चालू राहायला व्हिटॅमिन सी. ते संपलं की स्कर्व्ही, हिरड्यांतून रक्त, जखमा भरत नाहीत. त्यासाठी आवळा पुरे, डबा कशाला.

आणि ऑक्सिजन चढला नाही तर नक्की काय बिघडतं हे बर्ग आणि प्रॉकॉप यांनी १९७३ला दाखवलं. कोंबडीच्या भ्रूणाच्या पायातल्या स्नायुबंधांच्या पेशी घेतल्या, लोह पकडून ठेवणारं रसायन घातलं आणि हायड्रॉक्सिप्रोलिन नसलेलं कोलॅजेन बनवून घेतलं. साधं कोलॅजेन ३९ अंशाच्या आसपास उलगडतं, हे २४ अंशालाच उलगडलं. शरीराचं तापमान ३७! म्हणजे ते शरीरात टिकूच शकत नाही. दीडशे-दोनशे वर्षं खलाशी लिंबू का खात होते त्याचं उत्तर दोन आकड्यांत. मी दरवर्षी वर्गात हे सांगतो आणि दरवर्षी मलाच मजा येते.

हाडवैद्य

बारामतीकर मस्त. मी ऑर्थोपेडिक्सवाला, त्यामुळे पुढचा तुकडा माझा.

धागाकर्त्याने "एकाच आजाराच्या मागे" म्हटलंय तो आजार म्हणजे ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, आम्ही ओआय म्हणतो. ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार. काही बाळं फ्रॅक्चर घेऊनच जन्माला येतात, काही पोरांची हाडं नुसतं कडेवर घेताना मोडतात. काहींच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. बहुतेकांत दोष असतो तो पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनच्या जीनमध्ये.

१९८३ला प्रॉकॉप आणि फ्रान्सेस्को रामिरेझ यांच्या गटाने जन्मतःच दगावणाऱ्या प्रकारात कोलॅजेनच्या जीनचा मधलाच एक तुकडा गायब आहे हे दाखवलं. त्याआधी आम्ही फक्त एक्सरे बघून वर्णन करायचो, कारण माहीत नव्हतं.

यात एक गणित आहे ते सांगतो कारण ते समजलं की आजार समजतो. या कोलॅजेनमध्ये एका जातीच्या दोन साखळ्या आणि दुसऱ्या जातीची एक. पहिल्या जातीच्या जीनच्या दोन प्रती, एक आईची एक बापाची. समजा त्यातली एकच खराब आहे. तर निम्मं कोलॅजेन खराब व्हायला हवं ना? नाही. दोन साखळ्या लागतात म्हणून चारातल्या तीन रेणूंमध्ये किमान एक खराब पेड येतो. आणि एक पेड खराब निघाला की अख्खी वेणी सुटते, चांगले पेड पण फुकट. म्हणूनच एखाद्याची एक प्रत पूर्ण बंद असेल तर आजार सौम्य (कोलॅजेन कमी, पण बनतं ते चांगलं), आणि प्रत चालू आहे पण चुकीची आहे तर भयंकर.

सायली_ठाणे

हाडवैद्य, मी हे तीनदा वाचलं. माझ्या भाच्याला ओआय आहे. इतक्या वर्षांत आम्हाला कोणी हे असं सांगितलं नव्हतं. सौम्य आणि तीव्र असं का असतं हे ताईने किती डॉक्टरांना विचारलं असेल. हे मी तिला पाठवते.

हाडवैद्य

जरूर पाठवा ताई. काही विचारायचं असेल तर इथे किंवा निरोपातून, निःसंकोच.

मडगावकर

चांगलं चाललंय पण मी धागाकर्त्याशी असहमत. माझ्या मते ही दोन करिअरंच आहेत. १९९०च्या दशकात जीन थेरपी (बिघडलेल्या जीनवर जीननेच उपचार) आणि स्टेम सेल हा गाजणारा विषय होता, पैसा तिकडे होता, अनेक मोठे लोक तिकडे वळले. त्यात चूक काही नाही, पण उगाच एकसंध कहाणी कशाला रचायची? कोलॅजेनचं काम पक्कं, १९७३चा आकडा आजही तसाच आहे. स्टेम सेलचं काम मात्र आजही वादात. बोनमॅरोत अशा पेशी आहेत हे पण काही त्यांनी शोधलेलं नाही, मॉस्कोत फ्रीडेनस्टाइन यांनी साठ-सत्तरच्या दशकात ते केलं होतं. आणि या पेशींना मेसेंकायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं अर्नोल्ड कॅप्लन यांनी, १९९१ला.

रानवारा

मडगावकर, फ्रीडेनस्टाइन यांचं श्रेय शंभर टक्के मान्य, आणि प्रॉकॉप यांनीही १९९७च्या सायन्स या नियतकालिकातल्या लेखात ती परंपरा मांडलीच आहे. पण दोन करिअरं म्हणता तिथे मी अडतो आणि का ते सांगतो.

जीन सापडला १९८३ला. मग पुढे काय? हाडवैद्यांनी गणित सांगितलं तसं चांगला जीन वरून घालून भागत नाही, खराब साखळी बनतच राहते आणि चांगलीला घेऊन बुडते. मग उपाय काय उरतो, तर खराब साखळी बनवणारी पेशीच बदला. हाड बनवणाऱ्या पेशी येतात कुठून? बोनमॅरोतल्या त्या चिकटून वाढणाऱ्या पेशींपासून. म्हणजे माणूस फॅशनमागे नाही गेला, आधीच्या कामाने जिथे आणून सोडलं तिथून पुढे चालत राहिला.

आणि पुरावा बघा. स्वतःच्या कोलॅजेनच्या कामासाठी त्यांच्या गटाने मानवी कोलॅजेनचा बिघडलेला जीन घातलेले उंदीर तयार केले होते, ज्यांची हाडं मोडायची. त्याच उंदरांना निरोगी उंदरांच्या बोनमॅरोतल्या पेशी दिल्या आणि १९९८ला छापलं की दिलेल्या पेशी हाडात, कूर्चेत, फुप्फुसात सापडतात. कोलॅजेनसाठी केलेला उंदीर स्टेम सेलच्या प्रयोगाला. याला दोन करिअरं कसं म्हणायचं?

मडगावकर

उंदरांचा मुद्दा मान्य, तो मला माहीत नव्हता. पण माणसांत काय झालं ते पण सांगा ना. १९९९चा नेचर मेडिसिन या नियतकालिकातला पेपर घ्या. मेंफिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात हॉर्विट्झ, प्रॉकॉप वगैरे मंडळींनी ओआयच्या तीन मुलांना बोनमॅरो ट्रान्सप्लांट केलं. हाडाच्या पेशींपैकी दात्याच्या किती? दीड ते दोन टक्के! दोन टक्के पेशींनी हाड सुधारलं म्हणायचं? तीन मुलांवरून?

हाडवैद्य

प्रश्न योग्यच आहे आणि तेव्हाही लोकांनी विचारला. पण त्या मुलांची हाडं घट्ट झाली, फ्रॅक्चर कमी झाले, उंची वाढायचा वेग सुधारला हे नोंदवलेलं आहे. मग २००२ला फक्त बोनमॅरोतल्या त्या चिकटून वाढणाऱ्या पेशीच वेगळ्या वाढवून सहा मुलांना दिल्या, त्यांवर जीनची खूण करून, म्हणजे कुठे गेल्या ते शोधता यावं. सहापैकी पाच जणांत त्या कुठे ना कुठे सापडल्या आणि पहिल्या सहा महिन्यांत वाढीचा वेग वाढला. पेशी मात्र अगदी थोड्याच होत्या. बरं वाटतंय, पण मोजलेल्या पेशींवरून त्याचा हिशेब लागत नाही, अशी ती परिस्थिती.

टेक्सासचा_तात्या

हा हिशेब ज्या पेपरमध्ये लागायला लागला त्यावर कोणी येतंय का म्हणून वाट बघत होतो. मी टेक्सासात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) होतो, दुसऱ्या विद्यापीठात, पण आमच्या लॅबमध्ये पेशी टेंपलहून यायच्या. हे फार कमी लोकांना माहीत असतं. आधी टुलेनमध्ये आणि मग टेंपलला, एनआयएचच्या पैशातून त्यांनी या पेशी एकाच पद्धतीने वाढवून, तपासून, गोठवून जगभरच्या लॅबना पाठवायची सोय केली होती. या क्षेत्राची मोठी कटकट ही की प्रत्येकाच्या पेशी वेगळ्या, पेशी वाढवायचं प्रत्येकाचं मीडियम (पोषक द्रव) वेगळं, मग निकाल जुळत नाहीत. सगळ्यांना सारखा माल देणं हे काही पेपर छापण्याइतकं चमकदार काम नाही, पण माझ्या मते त्यांच्या दहा पेपरांइतकं मोलाचं आहे.

आता तो पेपर. २००९, "सेल स्टेम सेल" नावाच्या नियतकालिकात. उंदराला हार्ट अटॅक आणला आणि शिरेतून मानवी पेशी दिल्या. उंदराचं हृदय सुधारलं. पण पेशी शोधल्या तर हृदयात जवळपास नाहीतच! बहुतेक सगळ्या काही मिनिटांतच फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकलेल्या. आकाराने मोठ्या पडतात ना. मग हृदय कोणी बरं केलं? त्यांनी शोधलं की अडकलेल्या पेशी तिथूनच टीएसजी-६ नावाचं प्रोटीन सोडतात, जे दाह कमी करतं. पेशींमधला तो जीन बंद केला तर फायदा गेला. आणि पेशी न देता नुसतं टीएसजी-६ दिलं तर बराचसा फायदा मिळाला.

जरा विचार करा हे छापणं म्हणजे काय. या माणसाने दहा-पंधरा वर्षं पेशी बदलून आजार बरा करायची आशा धरलेली, आणि त्याच्याच लॅबमधून निघालं की पेशी जागेवर पोचतच नाही, तरी काम होतं. लपवायचं तर सोडाच, त्यांनी पुढची सगळी वर्षं त्याच टीएसजी-६च्या मागे घातली, डोळ्याच्या कॉर्नियापर्यंत.

मडगावकर

हे मात्र कडक. दोन टक्क्यांचं कोडं असं सुटतं तर.

टेक्सासचा_तात्या

पूर्ण सुटलं म्हणणार नाही, हार्ट अटॅकचा उंदीर आणि ओआयचं मूल वेगळं. पण थोड्या पेशी खूप परिणाम कसा करू शकतात याची एक वाट दिसली. २००६ला त्यांच्याच गटाने हे पण दाखवलं होतं की या पेशी दुसऱ्या अधमेल्या पेशींना आपली मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) देऊन परत चालू करतात. तेव्हापासूनच दिशा बदलायला लागली होती.

कोथरूडची_मीरा

माफ करा, मध्येच येतेय. माझ्या सासूबाईंना गुडघ्यासाठी एका खाजगी क्लिनिकमध्ये स्टेम सेल इंजेक्शन सुचवलंय. काही लाख सांगितले. म्हणाले पोटाच्या चरबीतून काढून लगेच देऊ, नवीन कूर्चा उगवेल, गॅरंटी. तुम्ही वर जे लिहिताय त्यावरून मला आता शंका यायला लागलीय.

हाडवैद्य

मीराताई, शंका यायलाच हवी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या आजारांसाठी वगैरे जे बोनमॅरो ट्रान्सप्लांट होतं ते मान्य उपचार, बाकी स्टेम सेल फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्याचे पैसे घ्यायचे नसतात. गुडघ्याच्या झिजेसाठी एक तयार उत्पादन २०२२ला डीसीजीआयने (केंद्राचे औषध नियंत्रक) मंजूर केलंय ते वेगळं, ते कंपनीत तयार होऊन तपासून येतं. तुम्हाला जे सांगितलंय ते तसं नाही. गॅरंटी हा शब्द ऐकला की उठून या. ट्रायल आहे म्हणाले तर नोंदणी क्रमांक मागा, सीटीआरआयच्या (देशातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) साइटवर तपासा.

कोथरूडची_मीरा

क्रमांक मागितला तर "सर नंतर बोलतील" म्हणाले. समजलं. आभार.

जोशीकाकू

मीरा, सासूबाईंना मांडीचे व्यायाम सुरू करायला लाव ग. मला त्यानेच फरक पडला.

निवांत_नाशिक

वेणीवरून आठवलं, कोलॅजेनचा हा तीन पेडांचा आकार आपल्याकडेच सापडला ना? मद्रासला?

बायोकेम_बारामती

हो! जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था, मद्रास विद्यापीठ, १९५४. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले होते, त्यांनी सांगितलं की कोलॅजेनची रचना अजून कोणाला सुटलेली नाही. शेजारीच चामड्याची केंद्रीय संस्था, तिथून नमुने मिळाले, कांगारूच्या शेपटीचा स्नायुबंध सुद्धा. तिथून एक्सरे काढून रचना मांडली. पुढे रिच आणि क्रिक यांनी त्यात दुरुस्ती सुचवली आणि वाद झाला, पण तिहेरी पेडाची मूळ कल्पना आणि दर तिसऱ्या ग्लायसिनचं कारण मद्रासचंच. प्रॉकॉप यांनी त्या वेणीचं तापमान मोजलं ते बरोबर एकोणीस वर्षांनी.

पेठकर

रामचंद्रन यांच्यावर वेगळा धागा काढा राव. इथे नुसता उल्लेख नाही पुरत.

निवांत_नाशिक

+१

सायली_ठाणे

ताईशी बोलले. तिचे दोन प्रश्न आहेत. आमच्या भाच्याला हाडं घट्ट करायची सलाइन लावतात, पामिड्रोनेट. ते बरोबर आहे ना? आणि ओआयसाठी पेशींची ट्रायल भारतात कुठे चालते का?

हाडवैद्य

पामिड्रोनेट बरोबर आहे. माँट्रियलच्या ग्लोरियू यांनी १९९८ला मुलांवर त्याचा फायदा दाखवला आणि तेव्हापासून जगभर ओआयच्या मुलांना त्याच गटातली औषधं देतात. ती कोलॅजेन दुरुस्त करत नाहीत, पण हाड झिजायचा वेग कमी करतात. सोबत फिजिओ, आणि गरजेनुसार हाडात रॉड.

ट्रायलबद्दल, वेल्लोरच्या सीएमसीमध्ये स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेबरोबर ओआयच्या लहान मुलांसाठी अशा पेशींची चाचणी हाती घेतली गेली. भाच्याचं वय आणि प्रकार त्यात बसतो का ते त्यांनाच पत्र लिहून विचारा, तुमच्या डॉक्टरांचं पत्र जोडून. पण तोपर्यंत सलाइन चुकवू नका, ट्रायलच्या आशेवर चालू उपचार थांबवायचा नाही.

सायली_ठाणे

नाही थांबवणार. उद्याच डॉक्टरांकडून पत्र घेते.

मडगावकर

मूळ प्रश्नावर परत येतो. उंदीर आणि दोन टक्के हे दोन्ही वाचून माझं मत बदललं, एकच करिअर. फक्त मी त्याला रानवारा म्हणतात तसं आजाराच्या मागे लागणं म्हणणार नाही. १९६०ला काय केलं, कोलॅजेन मोजायची पद्धत. २००९ला काय केलं, पेशी कुठे गेल्या ते मोजलं. दोन्हीकडे आधी मोजणी आणि मग मत. हार्ट अटॅकच्या उंदरात हृदय सुधारल्यावर बाकी कोणी तिथेच थांबून पेपर छापला असता, यांनी फुप्फुस उघडून बघितलं.

रानवारा

मडगावकर, हे माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. तरी आजार मी सोडणार नाही, कारण नुसतं मोजायचंच असतं तर कोलॅजेनमध्ये अजून शंभर गोष्टी होत्या मोजायला.

बायोकेम_बारामती

पुढच्या महिन्यात माझ्या पोरांना जर्नल क्लबला एकच पेपर द्यायचाय. १९७३चा देऊ की २००९चा? २००९चा मोठा आहे, एसवायबीएस्सीला झेपेल का शंका आहे.

टेक्सासचा_तात्या

१९७३चा द्या. छोटा आहे, एक आलेख समजला की सगळा समजतो. २००९चा टीवायला.

रानवारा

माझं मत १९९८चा उंदरांचा. कोलॅजेन पण येतं, पेशी पण. आणि पोरांना सांगा की फुप्फुसात पेशी सापडल्याचं त्यात लिहिलेलंच आहे, ती ओळ शोधून काढा आणि मग ११ वर्षांनंतरच्या पेपरशी लावून बघा.

बायोकेम_बारामती

ठरलं, १९९८. पीडीएफ कोणाकडे असेल तर निरोपातून टाका.